न्या मला! एका गाण्यातून फ्रेंच शिकताना

अकरावी-बारावीला फ्रेंच घेतलेलं कुणीतरी तुमच्या ओळखीत नक्की असेल. कदाचित तुम्ही स्वतःच असाल. आता एक छोटी परीक्षा घ्या. त्याला विचारा, बंदराला फ्रेंचमध्ये काय म्हणतात? मला घेऊन जा, हे कसं सांगायचं? बहुतेक वेळा उत्तर येतं, "अहो, तेव्हा येत होतं, आता सगळं विसरलो." मार्क विचारा, ते मात्र पाठ असतात.

आपल्याकडे फ्रेंच हा 'स्कोअरिंग' विषय आहे. संस्कृतसारखाच. टक्केवारी वर चढवायला घ्यायचा, बारावीच्या निकालाबरोबर सोडून द्यायचा. यात मुलांचा दोष नाही. त्यांना शब्दांच्या याद्या दिल्या जातात, याद्या पाठ होतात, पेपरात उतरतात आणि तिथेच राहतात. दोन वर्षं एक भाषा घरात येऊन जाते आणि मागे एक वाक्यसुद्धा ठेवत नाही, याचं मला एक शिक्षिका म्हणून वाईट वाटतं.

म्हणून आज एक मत मांडते. पटलं तर करून बघा, नाही पटलं तर भांडा. माझं म्हणणं असं, की नवी भाषा शिकताना शब्दांची यादी हातात घेण्याआधी एक गाणं घ्यावं. एकच, पण पूर्ण. आणि त्या गाण्याचा अर्थ इंग्रजीतून न लावता आपल्या मराठीतून, आपल्या गावातून लावावा. तसं शिकलेले शब्द पेपर संपला तरी सोबत राहतात.

गाणं कोणतं?

गाणं आहे शार्ल आझ्नाव्हूर या फ्रेंच गायकाचं, 1960 च्या दशकातलं. नाव 'आंमने-म्वा'. मराठीत सांगायचं तर, न्या मला. आझ्नाव्हूरचा जन्म 1924 मध्ये पॅरिसमध्ये झाला, पण त्याचे आईवडील आर्मेनियन. आपलं घर सोडून दुसऱ्याच्या देशात आलेली माणसं. तो 2018 मध्ये वारला, तोपर्यंत जगभर त्याची गाणी पोचली होती.

गाण्यातला माणूस बंदरावर उभा आहे. जहाजं येतात, त्यांच्या पोटात लांबच्या देशांतली फळं असतात. खलाशी त्या देशांच्या गोष्टी सांगतात. हा ऐकतो आणि त्याचा जीव तिकडे ओढ घेतो. तिथे ऊन असेल, निळा समुद्र असेल, सुंदर मुली असतील आणि आपल्या वाट्याची हलाखीही जरा सुसह्य होईल, अशी त्याची समजूत. सगळं इथेच टाकून पळून जावं, असं त्याला वाटतं. रोमँटिक म्हणतात ते हेच. इथे प्रेम एखाद्या मुलीवर कमी आणि लांबच्या किनाऱ्यावर जास्त आहे.

हे गाणं मी वर्गात पहिल्यांदा लावलं आणि मग अर्थ सांगितला, तेव्हा मागच्या बाकावरून आवाज आला, "बाई, हा मिरकरवाड्याच्या जेटीवर उभा आहे की काय?"

मला तिथेच कळलं की आता शब्द शिकवायची वेगळी गरज नाही. कारण बंदर, धक्का, जहाज, खलाशी ही रत्नागिरीच्या मुलांच्या रोजच्या डोळ्यांपुढची चित्रं आहेत. फक्त त्यांना नवी नावं द्यायची होती. बंदर म्हणजे 'पॉर'. धक्का म्हणजे 'के'. होडी किंवा जहाज म्हणजे 'बातो'. खलाशी म्हणजे 'मारँ'. समुद्र म्हणजे 'मेर', ऊन आणि सूर्य दोन्हीला 'सोलेय', आणि हलाखी म्हणजे 'मिझेर'. हे सगळेच शब्द गाण्यात आहेत असं नाही, काही मी त्या चित्रात भर म्हणून घातले. चित्र एकदा मनात उभं राहिलं की त्यात शब्द घालणं सोपं जातं.

यात एक गंमतही आहे. गाण्यातला माणूस ज्या उन्हाच्या, समुद्राच्या, फळांच्या देशाचं स्वप्न बघतो, तो देश म्हणजे जवळजवळ आपणच की! आपल्याकडे वैशाखात हापूसच्या पेट्या भरतात आणि परदेशी जातात. पेटी भरणारा मुलगा मनात म्हणत असतो, एकदा पॅरिस बघायला पाहिजे. तिकडचा माणूस इकडे बघतोय, इकडचा तिकडे. हे मुलांच्या लक्षात आलं की ती हसतात, आणि हसताना ऐकलेला शब्द सहसा विसरत नाहीत.

'ने' या एका शब्दाचं घर

आता गाण्याच्या नावाकडे या. हा एकच शब्द नीट समजून घेतला तर फ्रेंचचा एक मोठा कोपरा उजळतो.

मराठीत 'आण' आणि 'ने' अशी जोडी आहे. बोलणाऱ्याकडे आलं तर आण, त्याच्यापासून लांब गेलं तर ने. फ्रेंचमध्येही अगदी हीच जोडी आहे. 'आमने' म्हणजे आणणे, 'आंमने' म्हणजे नेणे. फरक आहे तो सुरुवातीच्या नाकातल्या उच्चारात. पण फ्रेंच एक पाऊल पुढे जाते. माणसाला आणायचं-न्यायचं तर हे शब्द. वस्तू आणायची-न्यायची तर वेगळे, 'आपोर्ते' आणि 'आंपोर्ते'. आपण भावाला स्टेशनवर नेतो आणि पिशवीही नेतो, क्रियापद एकच. फ्रेंच माणूस भावाला आणि पिशवीला एका क्रियापदात बसवत नाही. तिथल्या खाण्याच्या दुकानांवर 'आ आंपोर्ते' अशी पाटी असते. म्हणजे काय, तर आपल्या भाषेत, पार्सल मिळेल!

या 'ने' शब्दाशी रत्नागिरीचं जुनं नातं आहे. जरा आठवून बघा.

ब्रह्मदेशचा राजा थिबा याला इंग्रजांनी 1885 मध्ये त्याच्या देशातून नेलं आणि पुढे रत्नागिरीत आणून ठेवलं. आज आपण सहलीला जातो तो थिबा राजवाडा 1910 मध्ये बांधून झाला. 1916 मध्ये राजा इथेच वारला. त्याच्यासाठी फ्रेंचमध्ये शब्द आहे 'एग्झील', म्हणजे हद्दपारी. त्याला नेलं, पण त्याने कधी 'न्या मला' म्हटलं नव्हतं. त्याच राजवाड्यासमोर उभं राहून समुद्र बघा, मग हा शब्द पाठ करावा लागणार नाही.

दुसरी गोष्ट सावरकरांची. 1924 ते 1937 अशी तेरा वर्षं ते रत्नागिरीत स्थानबद्ध होते. त्याच्या बरंच आधी, 1909 मध्ये, इंग्लंडमधल्या ब्रायटनच्या किनाऱ्यावर त्यांनी समुद्राला उद्देशून एक कविता लिहिली. ती तुम्हाला मला वेगळी सांगायला नको, आपल्याकडे शाळेच्या गॅदरिंगला हमखास होते. आता ती कविता आणि हे फ्रेंच गाणं शेजारी ठेवा. दोन्हीकडे एक माणूस समुद्रकाठी उभा आहे. दोन्हीकडे विनवणी तीच, ने. फक्त दिशा उलटी. फ्रेंच माणसाला घरापासून लांब जायचं आहे, मराठी माणसाला घरी परत यायचं आहे.

आणि ही उलटी दिशा फ्रेंचमध्ये एका छोट्या बदलाने दाखवता येते. 'आंमने' म्हणजे नेणे, 'राम्ने' म्हणजे परत नेणे किंवा परत आणणे. सुरुवातीचा 'र' म्हणजे आपलं 'परत'. हा 'र' फ्रेंचमध्ये जागोजागी भेटतो. 'व्हनीर' म्हणजे येणे, 'रव्हनीर' म्हणजे परत येणे. एवढी एक किल्ली मिळाली की वीस-पंचवीस नवे शब्द न शिकवता उघडतात.

अजून एक. आझ्नाव्हूर ज्यांना 'न्या' म्हणतो, त्यांना तो 'तुम्ही' म्हणून बोलतो. गाण्याच्या नावातल्या क्रियापदाच्या शेवटी 'ए' असा उच्चार आहे, तो 'तुम्ही'चा. 'तू' असता तर ते 'आंमेन-म्वा' झालं असतं. आपली कविता समुद्राला 'तू' म्हणते. समुद्राला, देवाला, आईला आपण 'तू'च म्हणतो. फ्रेंच लोकही प्रार्थनेत देवाला 'तू'च म्हणतात. म्हणजे त्या कवितेतली विनवणी फ्रेंचमध्ये सांगायची तर 'रामेन-म्वा' असं म्हणावं लागेल. इंग्रजीतून फ्रेंच शिकणाऱ्याला ही तू-तुम्हीची भानगड समजायला महिने लागतात, कारण इंग्रजीत दोघांना एकच शब्द. मराठी मुलाला ती आईच्या दुधाबरोबर आलेली आहे. मग आपण ती इंग्रजीच्या वळणाने का शिकवतो?

लिंगाचंही तसंच. फ्रेंचमध्ये दोन लिंगं, आपल्याकडे तीन. समुद्र आपल्याकडे तो, फ्रेंचमध्ये ती. होडी आपल्याकडे ती, फ्रेंचमध्ये तो. वस्तूला लिंग असतं हेच मुळात आपल्या मुलांना नवीन नाही. फक्त कुठे बदलतं ते बघायचं.

नाकातले स्वर तर आपल्याच दारचे. 1962 च्या शुद्धलेखनाच्या नियमांनी अनुच्चारित अनुस्वार गेले, पण जुन्या पुस्तकांत 'घरांत', 'कां' असे टिंब दिलेले शब्द अजून दिसतात. चित्पावनी आणि कोकणी बोलींत तर नाकातले स्वर आजही ऐकू येतात. आजीचं बोलणं कान देऊन ऐकलेल्या मुलाला फ्रेंच नाकातले स्वर फार परके वाटत नाहीत, हा माझा अनुभव आहे.

"पण बाई, पळून जाण्याचं गाणं?"

हा प्रश्न मला पालकांनी विचारला आहे, आणि तो चुकीचा नाही. आपल्याकडे 'पळून गेली' म्हटलं की पुढचं सांगावं लागत नाही. वाडीत दोन दिवस तोच विषय. अशा वयातल्या मुलांना पळून जाण्याचं गाणं शिकवावं का?

मला वाटतं, शिकवावं. उलट त्या एका शब्दाचे किती पदर आहेत, हे इथेच शिकवता येतं. तुरुंगातून किंवा पहाऱ्यातून निसटणं म्हणजे 'सेव्हादे'. 8 जुलै 1910 ला सावरकरांनी मार्सेय बंदरात 'मोरिया' बोटीतून समुद्रात उडी घेतली, ते हे. ते फ्रान्सच्या भूमीवर पोचले, तरी त्यांना पकडून परत बोटीवर दिलं गेलं, आणि प्रकरण हेगच्या लवादापर्यंत गेलं. लवादाने 1911 मध्ये निकाल दिला, की त्यांना फ्रान्सकडे परत देण्याचं बंधन ब्रिटनवर नाही. संकटापासून पळणं म्हणजे 'फ्वीर'. हातून सुटणं म्हणजे 'सेशापे'. आणि साधं निघणं, गाव सोडणं म्हणजे 'पार्तीर'. आपल्याकडेही निसटणं, सटकणं, पसार होणं, परागंदा होणं, निघणं असे वेगवेगळे शब्द आहेतच. फ्रेंच शब्द शिकता शिकता मुलं स्वतःची मराठीही तपासून बघतात. "बाई, सटकणं आणि निसटणं यात काय फरक?" असा प्रश्न एका मराठी तासाला मला कधी आला नव्हता, तो फ्रेंचच्या तासाला आला.

दुसरं म्हणजे गाणं पूर्ण वाचलं तर कळतं की तो माणूस पळतच नाही. पळून जाण्याची सगळी क्रियापदं संकेतार्थी आहेत. जमलं असतं तर पळालो असतो, वाटेल ते काम केलं असतं, अशा थाटाची. खलाशी आपापल्या बोटींवर परततात, हा मात्र पहाटेपर्यंत धक्क्यावर स्वप्न बघत उभा. 'तर'च्या पलीकडे गाणं जात नाही. व्याकरणाच्या पुस्तकात हा प्रकार एका रकान्यात असतो आणि मुलं त्याला घाबरतात. इथे त्यांना त्याचं कारण दिसतं. ज्याला जायचं आहे आणि जाता येत नाही, त्याची ही भाषा आहे. ती भाषा आपल्या कुठल्या मुलाला कळत नाही?

रत्नागिरीत निघून जाणं हे काही चोरून करायचं काम नाही. पिढ्यान्‌पिढ्या घरटी एक तरी माणूस मुंबईला गेला. आधी बोटीने, मग एसटीने, आणि 1998 मध्ये कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर सुरू झाल्यावर रेल्वेने. त्या माणसासाठी आपण 'चाकरमानी' असा खास शब्द घडवला. ज्या जिल्ह्याने निघून जाणाऱ्यांसाठी शब्द घडवला, तिथल्या मुलांपासून निघून जाण्याचं गाणं लपवून काय मिळणार? त्यापेक्षा त्यावर बोललेलं बरं. का जावंसं वाटतं, तिकडे खरंच ऊन असतं का, मागे काय राहतं, हे सगळं.

गाण्याच्या मर्यादाही सांगते

गाणं म्हणजे सगळी भाषा नव्हे. एखाद्या परक्या माणसाने फक्त भावगीतं ऐकून मराठी शिकली आणि भाजीवालीला "सखी, कोथिंबीर कशी?" म्हणाला, तर काय होईल? तसंच फ्रेंचचं. गाण्यातले काही शब्द बोलण्यात चालत नाहीत. गाताना काही स्वर लांबवतात, बोलताना ते गिळतात. याच गाण्याचं नाव गाताना 'आं-म-ने' असं तीन तुकड्यांत येतं, बोलताना 'आंम्ने' असं झटकन. हे मुलांना आधीच सांगावं, नाहीतर फ्रेंच माणसापुढे ती गाणंच म्हणायला लागतील.

आणि गाण्यातून बाजारहाट, वेळ, आकडे येत नाहीत. त्यासाठी याद्या लागतातच. माझं भांडण यादीशी नाही, यादीपासून सुरुवात करण्याशी आहे.

घरी करून बघा

मुंबई-पुण्यात आलियाँस फ्रान्सेज आहे. आपल्याला तिथे जायचं तर रात्रीची गाडी. पण गाणं मोबाईलवर आहे, आणि ते फ्रेंच माणसाच्याच तोंडचं आहे. म्हणून हे एवढं करा.

पहिल्या दिवशी शब्द न बघता गाणं तीनदा ऐका. एखादा शब्द ओळखीचा वाटला तर वहीत टिपा, देवनागरीतच टिपा, स्पेलिंगची काळजी नको.

दुसऱ्या दिवशी शब्द समोर ठेवून ऐका. कोणतं अक्षर लिहितात पण म्हणत नाहीत, त्याखाली पेन्सिलने रेघ मारा. रेघा बऱ्याच होतील, घाबरू नका.

तिसऱ्या दिवशी दहाच शब्द निवडा. प्रत्येकाचा अर्थ मराठीत लिहा, आणि समोर आपल्या गावातली एक जागा लिहा. धक्का, तर मिरकरवाडा. समुद्र, तर मांडवी. हद्दपारी, तर थिबा राजवाडा.

चौथ्या दिवशी त्या शब्दांची स्वतःची वाक्यं करा. खोटी नकोत, खरी करा. "माझे काका खलाशी आहेत." "मला पुण्याला जायचं आहे." "मला जायचं नाही."

पाचव्या दिवशी दिशा उलटी करा. जिथे 'आंमने' आहे तिथे 'राम्ने' घाला, 'पार्तीर'च्या जागी 'रव्हनीर'. जाणाऱ्या माणसाला परत आणा. हा खेळ मुलांना फार आवडतो.

मग गाणं म्हणा. सूर चुकला तरी चालेल.

शेवटी

आपल्या जिल्ह्यात फ्रेंच हा शब्द गेली बरीच वर्षं जैतापूरच्या अणुप्रकल्पामुळे ऐकू येतो. सहा अणुभट्ट्या, फ्रेंच कंपनी, करार, आंदोलन. तुमचं त्या प्रकल्पाबद्दल मत काहीही असो, एक गोष्ट खरी. जी भाषा आपल्या दारात करार घेऊन येते, ती आपल्या मुलांना नुसती मार्कांपुरती येऊन चालणार नाही. समोरचा काय म्हणतोय ते कळलं पाहिजे, आणि आपलं म्हणणं सांगता आलं पाहिजे. तेवढी भाषा याद्यांनी येत नाही. तिच्याशी आधी जवळीक व्हावी लागते, आणि जवळीक गाण्याने लवकर होते.

जाता जाता एक. बघा, मीही 'जाता जाता' म्हणाले! आपल्याकडे घरातून निघताना 'जातो' म्हणायचं नसतं. आजी लगेच टोकते, "जातो म्हणू नये, येतो म्हण." फ्रेंच माणूस निघताना म्हणतो, 'ओ रव्ह्वार'. त्याचा शब्दशः अर्थ, पुन्हा भेटेपर्यंत. तो 'र' इथेही आहेच.

माझी मुलं एक दिवस जातील. कुणी पुण्याला, कुणी कदाचित पॅरिसलाही. त्यांनी 'न्या मला' म्हणायला शिकावं, जरूर शिकावं. त्याबरोबर 'येतो'ला फ्रेंचमध्ये काय म्हणायचं, तेही त्यांना माहीत असावं.

येते मग!